कॅथीड्रल पीक : 'सोपी' चढाई, लांब दिवस

अंजनेरीची

मागच्या महिन्यात कॅथीड्रल पीकच्या माथ्यावर दहा मिनिटं बसून आले. दोन वर्षांपूर्वी त्याच शिखराच्या अर्ध्यातून हात हलवत परत आले होते. दोन्ही वेळचं लिहायचं कारण असं की, बे एरियातल्या मागच्या गटगला (गेट-टुगेदरला) तीन जणांनी विचारलं, "ते सोपं आहे ना गं, ५.६?" आणि मी तिन्ही वेळा "हो, सोपं आहे" म्हणून भजी खात बसले.

आधी जागा. योसेमिटी, म्हणजे कॅलिफोर्नियातलं राष्ट्रीय उद्यान, म्हटलं की सगळे खालच्या दरीत, धबधब्यांपाशी जातात. हे शिखर तिथे नाही. टायोगा रोडने वर टुऑलमी मेडोजला यायचं. हा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो, उघडतो मेअखेर किंवा जूनमध्ये, कधी त्याहून उशिरा. आपण गाडी लावतो तीच जागा साधारण साडेआठ हजार फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तीन हजार फूट उंच. माथा दहा हजार नऊशेच्या आसपास. बड क्रीकच्या कडेने, पाइनच्या झाडीतून तीनेक मैल चाललं की पायथा. झाडी संपते आणि समोर एकदम पांढरा, टोकदार, चर्चच्या मनोऱ्यासारखा कातळ उभा राहतो. नाव असं का ठेवलं असेल ते सांगावं लागत नाही.

आपण चढतो ती साउथईस्ट बट्रेस, आग्नेयेची धार. सातशे फूट उंच, दोराचे पाच-सहा टप्पे. श्रेणी ५.६. इथल्या पद्धतीत ५ म्हणजे दोर लागेल असा कातळ, आणि पुढचा आकडा अवघडपणाचा. हा दशांश नाही, ५.९ नंतर ५.१० येतं आणि आता ते ५.१५ पर्यंत गेलंय. त्यामुळे ५.६ खरंच खालच्या पायऱ्यांवर आहे. भिंतीच्या जिममध्ये दोन महिने गेलेली मुलगी ५.६ सहज चढते. हात-पायांपुरतं बोलायचं तर विषय इथेच संपला.

पहिली खेप. शुक्रवारी ऑफिस आटपून निघालो, मी आणि जोडीदार (दोराचा, संसाराचा नव्हे). पोचायला मध्यरात्र उलटली. सकाळी सातला उठलो, कॉफी झाली, अस्वलांसाठीच्या लोखंडी पेटीत खाऊ ठेवला, निवांत निघालो. पायथ्याशी साडेदहा. वर बघते तर धारेवर रंगीबेरंगी हेल्मेटांची माळ. चार जोड्या आमच्या पुढे, त्यातली एक तिघांची.

या धारेची गंमत अशी की खालचा भाग रुंद आहे, दोन-तीन ओळींनी शेजारीशेजारी चढता येतं. पण मधोमध एक चिमणी आहे, म्हणजे दोन कातळांमधली माणूस मावेल एवढी उभी फट, आणि बहुतेक सगळ्या ओळी तिथे एकत्र येतात. खंबाटकी घाटात होतं तेच. आम्ही चिमणीच्या खाली सव्वा तास बसलो. पुढच्या तिघांतली एक बाई आत अडकली होती आणि तिचे दोन्ही मित्र वरून वेगवेगळ्या सूचना देत होते.

दीड वाजता दक्षिणेकडे काळं झालं. सिएरात, म्हणजे इथल्या डोंगररांगेत, उन्हाळ्यात दुपारी असं होतं, रोज नाही, पण होतं. पहिला गडगडाट ऐकला तेव्हा आमच्याकडे दोन पर्याय. वर साडेतीनशे फूट, रांगेत थांबत, आणि शेवटी या परिसरातल्या सगळ्यात टोकदार दगडावर चढाईच्या सामानाचा धातूचा जुडगा कमरेला बांधून उभं राहायचं. किंवा खाली उतरायचं. उतरलो.

इथे सह्याद्रीतल्या मंडळींनी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे नावाजलेल्या सुळक्यांवर स्टेशनला (म्हणजे टप्प्याच्या थांब्याला) बोल्ट ठोकलेले असतात, त्यातून दोर ओवला की रॅपल, म्हणजे दोरावरून उतरणं, सुरू. इथे काहीही नाही. जे आपण लावू तेच, आणि ते तिथेच सोडून यायचं. एकच साठ मीटरचा दोर, दुहेरी केला की तीस मीटर. तीन रॅपल झाले. सहा नट (भेगेत अडकवायचे तारेचे धातूचे तुकडे) आणि तीन स्लिंग (पट्ट्यांची वेटोळी) कातळाला दान. शंभरेक डॉलरचा माल, सगळ्यावर माझ्या खुणेची केशरी नेलपॉलिश. शेवटच्या रॅपलला गारा सुरू झाल्या. पायथ्याशी आल्यावर कळलं की बुटांसोबत ठेवलेल्या पिशवीतली चिक्की मारमॉटने (खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी) खाल्ली होती. कागदासकट.

दुसरी खेप. यंदा गुरुवारीच सुट्टी टाकून टायोगा खिंडीपलीकडे, पूर्वेच्या अंगाला जाऊन झोपलो. उंचीची डोकेदुखी निम्मी झाली. सव्वापाचला हेडलाइट लावून चालायला लागलो, सात दहाला पायथ्याशी. पुढे एकच जोडी, आणि तीही दुसऱ्या टप्प्यावर. अशा वेळी आनंद होतो त्याला मराठीत शब्द नाही, लोकलमध्ये खिडकी मिळाल्यावर होतो तसला काहीतरी.

पहिला टप्पा गारठ्यातला, बोटं लाकडासारखी. पण कातळ काय सांगू! ग्रॅनाइटवर जागोजागी स्फटिकांचे गोळे बाहेर आलेले, काही लाडवाएवढे. हातात धरा, पाय ठेवा. मधूनमधून भेगा, त्यात कॅम (भेगेत फाकून घट्ट बसणारं स्प्रिंगचं सामान) बसवा आणि पुढे. दगड हातात येईल ही आपल्याकडची धाकधूक पहिल्या पन्नास फुटांत जाते, आणि मग सवयीने प्रत्येक होल्ड ठोकून बघणाऱ्या स्वतःचं हसू येतं.

चिमणीपाशी या वेळी रांग नव्हती. सॅक पाठीवरून काढली आणि हार्नेसला खाली लोंबकळत ठेवली, कारण पाठीवर सॅक असली की आत बूच बसतं. आणि फार आत शिरायचं नाही. आत गेलं की सुरक्षित वाटतं, म्हणून माणूस आणखी आत सरकतो आणि मग हलताच येत नाही. बाहेरच्या कडेला, पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या. खाली बघितलं तर पायांमधून सॅक आणि सॅकच्या खाली बड लेक. वीसेक फूट जरा घाम फुटतो. मग पुन्हा लाडू.

माथा जेवणाच्या टेबलाएवढा. मागच्या कट्ट्यावरून शेवटचा जेमतेम पुरुष-दोन पुरुष उंचीचा दगड, त्यातली भेग धरून वर. चार माणसं दाटीवाटीने बसतील. पश्चिमेला कॅथीड्रल लेक्स, उत्तरेला कुरणं, दक्षिणेला मॅथिस क्रेस्टची करवतीसारखी धार. वाजले होते अकरा चाळीस. आकाश स्वच्छ होतं. तरी दहा मिनिटांत उठलो.

आणि मग उतरताना चुकलो! रॅपल नाही, मागच्या बाजूने पट्ट्यापट्ट्यांवरून हाताने उतरायचं, शेजारच्या आयकॉर्न सुळक्याच्या रोखाने, आणि मग धारेला वळसा घालून पुन्हा पूर्वेला. आम्ही "इथूनच सरळ खाली जातंय की" म्हणत लवकर खाली सुटलो, घसाऱ्यात गुडघाभर वाळू तुडवली, पुढे कडा लागला, दोनशे फूट परत वर. चढाईपेक्षा जास्त शिव्या उतरताना दिल्या. गाडीपाशी साडेचार.

हिशेब मांडला तर अकरा तासांच्या वर दिवसात खरं कातळ चढणं माझ्या वाट्याला आलं असेल तासभर. बाकी चालणं, दोर ओढणं, अँकर (स्वतःला कातळाशी बांधायची जागा) लावणं, काढणं, वाट शोधणं आणि जोडीदाराच्या तोंडून त्याच्या बॉसबद्दल ऐकणं. त्या एका तासाला ५.६ म्हणतात.

प्रश्न विचारा. फोटो डकवायला जमलेले नाहीत, नंतर टाकते.

---

भटक्या_ठाणे

वाखु (वाचनखूण) साठवली. मारमॉटला चिक्की आवडते ही नवी माहिती.

प्रश्न : बोल्ट का नाहीत? इतकी गर्दी असते तर स्टेशनला दोन-दोन ठोकून टाकले की झालं. दरवेळी नट सोडून येण्यापेक्षा बरं.

---

अंजनेरीची

एक तर तिथली रीतच तशी आहे. भेगांमध्ये सामान नीट बसतं, तिथे ड्रिल चालवणं लोकांना आवडत नाही. १९५०-६०च्या दशकांत मेखा ठोकून ठोकून योसेमिटीतल्या भेगा पार बदलून गेल्या, त्यानंतर हाताने बसवायच्या आणि हाताने काढायच्या सामानाकडे लोक वळले. आपण वापरतो तो स्प्रिंगचा कॅम याच योसेमिटीत रे जार्डीनने घडवला आणि तो १९७८ पासून बाजारात आला. त्या गावच्या जत्रेत त्याच गावचा मान!

दुसरं, खरं सांगायचं तर, बोल्ट असते तर पहिल्या खेपेला आम्ही आणखी अर्धा तास थांबलो असतो. उतरणं स्वस्त आहे म्हणून.

---

दगडधोंडे

भटक्या, यात खडकाचाही भाग आहे. आपला बेसॉल्ट म्हणजे जमिनीवर थरावर थर पसरलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थर आडवे, मध्ये मऊ पट्टे, लाल मातीचे, राखेचे. कॅमला हवी तशी समांतर उभी भेग क्वचित मिळते, आणि मिळाली तरी तिची एक बाजू कपाटाच्या दारासारखी उघडते. म्हणून आपल्याकडे भोक पाडून बोल्ट.

कॅथीड्रल पीकचा खडक कधी जमिनीवर आलाच नव्हता. काही किलोमीटर खोल, सावकाश थंड झालेला, साधारण साडेआठ कोटी वर्षांपूर्वी. लोक ग्रॅनाइट म्हणतात पण पाटीवर ग्रॅनोडायोराइट लिहिलेलं असतं, आणि त्या प्रकाराला नावच 'कॅथीड्रल पीक ग्रॅनोडायोराइट' आहे. सावकाश थंड झाल्यामुळे फेल्डस्पारचे स्फटिक मोठे झाले, काही काही बोटभर लांब. आजूबाजूचा बारीक दाणा आधी झिजतो, हे मागे उरतात. ताई ज्यांना लाडू म्हणतायत ते हेच.

आणि टोक इतकं तीक्ष्ण का? हिमयुगात हा सगळा प्रदेश बर्फाखाली होता, शेजारचे घुमट बर्फानेच घासून गुळगुळीत केलेत. पण या शिखराचा वरचा भाग बर्फाच्या पातळीच्या वर डोकं काढून होता. तो घासला गेला नाही. खालून मात्र कुरतडला गेला. पेन्सिल टोकदार झाली ती अशी.

---

भटक्या_ठाणे

दगडधोंडे, तुम्ही शाळेत भूगोल शिकवायला असता तर मी आज आयटीत नसतो.

---

शंकासूर

लेख चांगला आहे पण जरा जास्त फुगवलाय असं वाटलं. याच मार्गावर लोक दोर न लावता चढतात, व्हिडिओ आहेत. पस्तीस मिनिटांत वर. आणि इथे अकरा तास, अँकर, गारा, दान वगैरे. सोप्याला सोपं म्हणायला काय हरकत आहे?

---

अंजनेरीची

शंकासूर, चढतात. मी स्वतः बघितलंय. पहिल्या खेपेला आम्ही चिमणीखाली ताटकळत असताना एक मुलगा बाहेरच्या अंगाने, खडूची पिशवी आणि टोपी एवढ्यावर, "हाय गाइज" म्हणत गेला. त्याच्यासाठी तो मार्ग म्हणजे जिना आहे. पण तो दीडच्या ढगाच्या बराच आधी माथ्यावरून खाली होता. त्याच्याकडे वेळ होता, कारण त्याच्याकडे दोर नव्हता.

माझ्याकडे दोर होता म्हणून उशीर झाला. दोघे दोराने चढतात तेव्हा एका वेळी एकच चालतो. एक टप्पा म्हणजे मी वर जाणार, अँकर लावणार, जास्तीचा दोर ओढणार, मग तो येणार, सामान काढत काढत, मग जुडगा हातबदल. प्रत्येक वेळी दहा मिनिटं इकडेतिकडे केली तर सहा टप्प्यांत एक तास हवेत. ते पस्तीस मिनिटांचे व्हिडिओ बघून हा हिशेब कळत नाही, म्हणून लिहिलं.

---

शंकासूर

हे मान्य. पण मग शीर्षकातलं अवतरण चिन्ह काढा, ते खवचट आहे.

---

अंजनेरीची

नाशिकची आहे. राहील.

---

झुरिककर

शंकासूर, इकडे आल्प्समधलं सांगतो. मॅटरहॉर्नची हॉर्नली धार, सगळ्यात रुळलेली वाट. आजच्या मोजमापाने तिचा कातळ फारसा अवघड नाही, सगळ्यात वाईट जागी जाडजूड दोर कायमचे लावलेले आहेत. पण ४४७८ मीटरच्या डोंगरावर झोपडीपासून बाराशे मीटर असा कातळ, आणि तो सगळा पुन्हा उतरायचा. तिथे दोर बांधूनही टप्पे पाडत बसलात तर रात्र डोंगरावर. दोघांनी एकदम चालायचं, दोर आखूड, दगडांच्या शिंगांना वेढे घालत. १४ जुलै १८६५ ला पहिल्यांदा सात जण माथ्यावर पोचले आणि उतरताना चौघे गेले. मधला दोर तुटला. तो तुकडा झरमॅटच्या संग्रहालयात काचेत ठेवलाय, बघून या. कपडे वाळत घालायच्या दोरीएवढा आहे.

इथे चढाईला दोन वेगळे शेरे देतात. एक सगळ्यात अवघड जागेचा, आणि दुसरा आख्ख्या दिवसाचा, म्हणजे लांबी, उंची, वाट, उतार, सगळं धरून. ताईंच्या ५.६ ला फक्त पहिला शेरा आहे. भांडण तिथेच आहे असं वाटतं.

---

दगडधोंडे

झुरिककर +१. दुसऱ्या शेऱ्याला मराठीत काय म्हणावं?

---

झुरिककर

दिवसमान?

---

भटक्या_ठाणे

"एकूण वैताग."

---

जुना_दोर

सगळं वाचलं. मी इथे फारसा लिहीत नाही, पण चिमणीचं वाचून राहवलं नाही.

आम्ही ८०च्या दशकात उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला. टेखलाच्या कातळावर चिमणी शिकवली तेव्हा उस्ताद म्हणाले, "अंदर घर मत बसाओ." ते तुमच्या लेखात जसंच्या तसं सापडलं, बाई. चिमणी जगात सगळीकडे एकच दिसते.

त्यानंतर आम्ही चौघे जीवधनजवळच्या वानरलिंगीला गेलो. तेव्हा मेखा आम्ही लोहाराकडून करून घ्यायचो, आणि हार्नेस म्हणजे कमरेला नायलॉनची पट्टी. चढाई जमली. उतरायला लागलो तेव्हा संध्याकाळचे पाच. चौघांना एक बॅटरी, तीही घाटघरच्या दुकानातून घेतलेली. शेवटचा माणूस खाली आला तेव्हा साडेनऊ झाले होते आणि तो मीच होतो. वर एकटा बसलो असताना खालून हाक येते की नाही, वाऱ्यात काही कळत नव्हतं. मला तुम्हाला तेच विचारायचं आहे. साठ मीटरच्या दोरावर, वाऱ्यात, एकमेकांशी बोलता कसं?

---

अंजनेरीची

काका, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. ("उस्ताद" शब्द वाचून मलाही माझा कोर्स आठवला.)

बोलणं : आम्ही टप्पे मुद्दाम आखूड ठेवले, दिसेल किंवा ऐकू येईल इतके. त्यामुळे पाचाचे सहा झाले, पण ओरडाओरडीत वेळ गेला नाही. शिवाय हाकेत नाव घालायचं. चार जोड्या असल्या की "ऑफ बिले!" (म्हणजे "माझा दोर आता सांभाळू नकोस") कुणीतरी ओरडतं आणि भलताच माणूस दोर सोडतो. बाकी, आवाज पोचलाच नाही तर ठरवून ठेवलेले झटके. आमचे तीन झटके म्हणजे "मी बांधून घेतलंय, तू सोड". वाऱ्यात दोर कातळावर घासतो तेव्हा झटकेही धड कळत नाहीत हे खरं. मग सरळ नियम : दोर संपला आणि ओढला जातोय तर दुसऱ्याने मला बिलेवर घेतलंय असं समजून मी चढायला लागते, पण तोवर माझा अँकर सोडत नाही.

दोर घासू नये म्हणून लांब स्लिंग लावाव्या लागतात. ही धार नागमोडी आहे. पहिल्या खेपेला मी आखूड लावले होते आणि वर पोचल्यावर दोर ओढताना म्हैस ओढत्येय असं वाटलं.

---

जुना_दोर

दोर सोडायच्या आधी त्याला विचारायचं, ही आमची पद्धत होती. दोराला. हळूच ओढून बघायचा. आभारी आहे.

---

नवखा_पण_हौशी

ताई, मी पुण्याचा. हरिहर, अलंग-मदन-कुलंग, लिंगाणा झालंय. पुढच्या जूनला कंपनीच्या कामाला सॅन होजेला सहा आठवडे येतोय. कॅथीड्रल जमेल का? फिटनेस उत्तम. उंचीची भीती नाही.

---

अंजनेरीची

नवखा, चढायला जमेल. लिंगाणा करणाऱ्याला हात-पायांचं काय सांगायचं! पण दोन गोष्टी मोकळेपणाने विचारते, राग मानू नका. लिंगाण्यावर दोर कुणी लावला होता? आणि कधी स्वतः भेगेत नट बसवून त्यावर लोंबकळून बघितलंय का?

आपल्याकडचे बहुतेक मोठे ट्रेक आयोजकांबरोबर होतात. दोर आधीच लागलेला असतो, आपण ओळीने जातो. त्यात कमीपणा काही नाही, मीही पाच वर्षं तशीच गेले. पण इथे दोर लावणारा तुमच्यातलाच एक असतो. तेव्हा अनुभवी जोडीदाराच्या मागे सेकंड म्हणून या, किंवा परवानाधारक गाइड घ्या. सहा आठवड्यांतले पहिले दोन-तीन शनिवार खालच्या छोट्या कातळांवर भेगेतून सामान काढायला शिका. अडकलेला नट काढता न येणारा सेकंड अख्ख्या धारेची रांग थांबवतो.

आणि जून म्हणजे जूनअखेर धरा. रस्ता उघडला तरी पायथ्याच्या वाटेवर बर्फ आणि डास असतात. कधी दोन्ही एकदम.

---

नवखा_पण_हौशी

राग नाही. दोर आयोजकांनीच लावला होता. भेगेत नट बसवलेला नाही कधी. इथे शिकायला काय करू? सह्याद्रीत तर भेगा नाहीत असं दगडधोंडे म्हणतायत.

---

दगडधोंडे

क्वचित आहेत म्हणालो, नाहीत असं नाही! पण नेमकं हवं असेल तर हिवाळ्यात बदामीला जा. वाळूचा खडक आहे, सुंदर उभ्या भेगा. हंपीला खरा ग्रॅनाइट आहे, पण तिथे धोंड्यांवरचं बिनदोरी चढणंच जास्त. पायाने नुसत्या घर्षणावर उभं राहायची सवय मात्र हंपीत होईल, आणि ती सह्याद्रीत अजिबात होत नाही. आपण पायऱ्यांना सोकावलेले लोक.

---

पावसाळी_सिएटल

उशिरा आले. अंजनेरीची, वाचून इतकं बरं वाटलं, कारण माझंही पहिलं 'सोपं' असंच झालं होतं. आमच्याकडे नॉर्थ कॅस्केड्समध्ये वॉशिंग्टन पासला साउथ अर्ली विंटर्स स्पायर आहे, त्याची साउथ अरेट (दक्षिण धार) कॅथीड्रलपेक्षाही सोपी. मधल्या भागात तर नुसतं चालणं. मी नवऱ्याला "सकाळी जाऊन जेवायला परत" असं सांगून नेलं. जेवलो रात्री साडेआठला, पेट्रोल पंपावर. तिथे मारमॉट नाहीत एवढे, पण पहाडी बकऱ्या आहेत. त्यांना मिठाची ओढ. सॅकचे घामट पट्टे चघळतात आणि लघवीला गेलं की मागे येऊन उभ्या राहतात. यावर अधिक लिहीत नाही.

अवांतर : पीरियडमध्ये हार्नेस, अकरा तास, आडोसा नाही. यावर कुणी बायकांनी वेगळा धागा काढा ना. पुरुष कधीच लिहीत नाहीत.

---

अंजनेरीची

काढूया. मी सुरुवात करते, तू बकऱ्यांचं तिथे लिही.

---

पुस्तकी_किडा

एवढी चर्चा झाली आणि पहिल्या चढाईचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ७ सप्टेंबर १८६९ ला जॉन म्यूर एकटा या माथ्यावर चढला. तोच म्यूर, ज्याने पुढे १८९२ मध्ये सिएरा क्लब ही निसर्गरक्षणाची संस्था काढायला पुढाकार घेतला. पण तेव्हा तो मेंढ्यांच्या कळपाबरोबर आलेला, नोकरीवर. दोर नाही, जोडीदार नाही, सोबत पाव आणि चहा. शेजारच्या आयकॉर्न सुळक्यावर मात्र १९३१ च्या जुलैपर्यंत कुणी गेलं नाही. ज्यूल्स आयकॉर्न आणि ग्लेन डॉसन गेले. त्याच उन्हाळ्यात हे दोघे रॉबर्ट अंडरहिल आणि नॉर्मन क्लाइड यांच्याबरोबर माउंट व्हिटनीच्या पूर्व कड्यावरून चढले. सिएरात दोराने पद्धतशीर चढणं रुजलं ते त्या सुमारास.

---

शंकासूर

म्हणजे मेंढ्या राखणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वी बिनदोर चढला. माझा मुद्दा सिद्ध.

---

पुस्तकी_किडा

तो सोप्या बाजूने गेला असणार, जिथून आता लोक उतरतात.

---

अंजनेरीची

जिथे आम्ही चुकलो ती बाजू.

---

भटक्या_ठाणे

मेंढ्यांनी वाट दाखवली असेल. (पळतोय.)

---

फ्रीमाँटचा_फडके

नमस्कार. वाचनमात्र सभासद, पहिलाच प्रतिसाद. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आणि माझा मेहुणा कॅथीड्रल चढलो. चिमणीच्या खालच्या कट्ट्यावर, उजवीकडच्या भेगेत दोन नट अडकलेले होते, स्लिंगसकट. स्लिंग उन्हाने विटली होती ती कापून टाकली. एक नट नाही निघाला. दुसरा मेहुण्याने वीस मिनिटं घालवून काढला, मागे रांगेतले लोक शिव्या देत होते. तो माझ्या जुडग्यात आहे. त्याच्या तारेवर केशरी रंग आहे. मला वाटलं गंज.

---

अंजनेरीची

फडके!!! गंज नाही हो, लॅक्मेची नेलपॉलिश आहे! नंबर काय आहे, सात का नऊ?

---

फ्रीमाँटचा_फडके

नऊ. पत्ता द्या, आणून देतो.

---

अंजनेरीची

ठेवा तुमच्याकडेच. सापडलेलं ज्याचं त्याचं, हा तिथला रिवाज आहे आणि वीस मिनिटं शिव्या तुमच्या मेहुण्याने खाल्ल्यात. सात असता तर मागितला असता, तो वाढदिवसाचा होता. तो न निघालेला कितीचा होता हे आठवतंय का?